अॅस्ट्रोबायोलॉजी करायची म्हणून जिऑलॉजी सोडू का?

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी नागपूरलाच बीएस्सी सेकंड इयरला आहे, मेजर जिऑलॉजी. खरं सांगू का, जिऑलॉजी मी घेतली नाही, ती मला मिळाली, फिजिक्सची लिस्ट वरच बंद झाली म्हणून. २०२५ च्या सप्टेंबरात मंगळावरच्या त्या ठिपकेवाल्या दगडाची बातमी वाचली आणि तेव्हापासून डोक्यात एकच, अॅस्ट्रोबायोलॉजी, म्हणजे पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीचा शोध. इन्स्टावर एका ऑनलाइन अकॅडमीची जाहिरात दिसली, सहा महिन्यांचा डिप्लोमा, फी ३५ हजार, इंटरनॅशनल सर्टिफिकेट, टॉप स्टुडंट्सना स्पेस एजन्सीत इंटर्नशिप. सीट बुक करायला २ हजार भरून टाकले, घरी माहीत नाही. बाबा वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स, कोळशाची सरकारी कंपनी) आहेत, ते म्हणतात गुपचूप एमएस्सी कर आणि सरकारी जागा बघ. हैदराबादचा मावसभाऊ म्हणतो फिजिक्स आणि आयआयटीशिवाय स्पेसमध्ये कोणी दारात उभं करत नाही, वर्ष सोड आणि पुन्हा जेईई दे. आणि काका म्हणतात, हे लोक दर दोन वर्षांनी एलियन शोधतात आणि मग गप्प बसतात. जिऑलॉजी सोडू का, तो कोर्स करू का, आणि काका म्हणतात ते खरं आहे का? – दगडात अडकलेली, मानेवाडा"

अगं दगडात अडकलेली,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील: नाही. जिऑलॉजी सोडायची नाही आणि वर्ष तर मुळीच सोडायचं नाही. का ते सांगते, पण सुरुवात काकांपासून करते, कारण काकांचं बोलणं मावसभावापेक्षा जास्त कामाचं आहे, फक्त ते अर्ध्यावर थांबले.

काकांना आठवत असेल, १९९६ च्या ऑगस्टमध्ये जगभर बोंब झाली होती की मंगळावर जीवसृष्टीच्या खुणा सापडल्या. दगड होता एएलएच ८४००१, अंटार्क्टिकातल्या अॅलन हिल्स भागात १९८४ ला उचललेली उल्का, जेमतेम दोन किलोची, मंगळावरून उडून आलेली. नासाच्या डेव्हिड मॅके यांच्या टीमने त्यात अळीसारखे दिसणारे बारीक आकार दाखवले, कार्बोनेटच्या गोळ्या दाखवल्या, मॅग्नेटाइटचे कण दाखवले, सेंद्रिय रेणू दाखवले, आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष क्लिंटन कॅमेऱ्यासमोर येऊन त्यावर बोलले. मग पुढची पंचवीस-एक वर्षं बाकीच्या शास्त्रज्ञांनी काय केलं तर यातली एकेक गोष्ट घेतली आणि ती जीवाशिवाय, नुसत्या दगड-पाणी-उष्णतेने बनू शकते का ते पाहिलं. एकेकीचं उत्तर "हो, बनू शकते" असं येत गेलं, २०२२ मध्ये तर त्या सेंद्रिय रेणूंसाठीसुद्धा पाणी आणि खडक यांच्यातली क्रिया पुरेशी आहे असा पेपर आला. म्हणजे काका ज्याला "गप्प बसणं" म्हणतात ना, ते गप्प बसणं नव्हतं, तेव्हाच खरं काम चालू होतं. फक्त त्या कामाची हेडलाइन होत नाही.

तसंच २०२० ला शुक्राच्या ढगांत फॉस्फीन हा जीवाची खूण मानला जाणारा वायू सापडल्याचं जेन ग्रीव्ह्ज यांच्या टीमने सांगितलं, मग दुर्बिणीच्या डेटाचं कॅलिब्रेशन पुन्हा झालं आणि आकडा बराच खाली आला, अजून वाद सुरूच आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये के२-१८बी नावाच्या, १२४ प्रकाशवर्षं लांबच्या ग्रहाच्या हवेत डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्याचं केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या टीमने सांगितलं, पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती सोडतात. लगेच दुसऱ्या गटांनी तोच डेटा घेऊन गणित मांडलं आणि म्हणाले एवढ्यावरून काही ठरत नाही बुवा. शिवाय ६७पी या धूमकेतूवर हाच वायू आधीच मिळाला होता, आणि धूमकेतूवर काही शेवाळ वाढत नाही.

आपल्या माणसांचं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने इस्रोचे बलून हैदराबादहून २००१ आणि २००५ मध्ये वर गेले आणि पार ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून खाली आणली. २००५ च्या नमुन्यांत तीन नव्या जातींचे जिवाणू निघाले, एकाला फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं. आता नारळीकर स्वतः जीवसृष्टी अंतराळातून आली असावी या बाजूला झुकणारे, म्हणजे ओरडून सांगायला यापेक्षा चांगली संधी कुठली! पण २००९ मध्ये इस्रोने जाहीर केलं तेव्हा स्वच्छ लिहिलं की यावरून हे जिवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत असं सिद्ध होत नाही. काकांना हे नक्की सांग.

आता तुझा ठिपकेवाला दगड. तू बातमी वाचली, पण त्यातला जिऑलॉजीचा भाग बहुतेक न्यूजवाल्यांनी उडवून टाकला, आणि मजा तर तिथेच आहे.

मंगळावरच्या जेझेरो विवराला पाणी पुरवणारी एक जुनी कोरडी नदी आहे, नेरेत्वा व्हॅलिस. तिच्या काठावर पर्सिव्हरन्स रोव्हरला २०२४ च्या जुलैमध्ये एक लालसर दगड दिसला, लांबी साधारण मीटरभर, बाणाच्या टोकासारखा आकार, नाव दिलं चेयावा फॉल्स. हा गाळाचा दगड आहे, चिखल थिजून झालेला, म्हणजे तुझ्या भाषेत मडस्टोन. त्यातून कॅल्शियम सल्फेटच्या पांढऱ्या शिरा गेल्यात. आणि लाल भागात मिलिमीटरभराचे फिकट ठिपके, प्रत्येक ठिपक्याला काळी किनार, म्हणून बिबट्याचे ठिपके म्हणतात. किनारीत लोह आणि फॉस्फेट, बहुधा व्हिव्हियनाइट. मध्ये लोह आणि गंधक, बहुधा ग्रेगाइट. आणि त्याच दगडात सेंद्रिय कार्बन. पृथ्वीवर व्हिव्हियनाइट दलदलीच्या गाळात, सडणाऱ्या पाल्यापाचोळ्याच्या आसपास बनतं. ग्रेगाइट बनवणारे जिवाणू आहेत, ते सल्फेटवर जगतात आणि सल्फाइड मागे टाकतात. म्हणजे चिखलात कोणीतरी लोह आणि गंधकावर जेवण करून गेलं असावं असं ते दृश्य आहे.

"असावं" का? भांड्यातलं दूध फाटलेलं दिसलं तर जिवाणूंनी आंबवलं की कोणी लिंबू पिळलं, हे नुसतं फाटलेल्या दुधाकडे पाहून सांगता येत नाही गं. भांडं किती वेळ ओट्यावर होतं, मे महिना होता का, बाजूला लिंबाची साल पडलीय का, हे पाहावं लागतं. मंगळावरच्या दगडाचंही तेच. सल्फेटचं सल्फाइड जीवाशिवायही होतं, पण त्याला चांगली उष्णता लागते. मग प्रश्न येतो की हा दगड कधी तेवढा तापला होता का? आणि हे कोण सांगणार? दुर्बिणीवाला सांगू शकत नाही, रॉकेटवाला सांगू शकत नाही. ज्याला दगडाचा पोत वाचता येतो, कोणतं खनिज कोणत्या तापमानाला टिकतं हे माहीत आहे, शीर आधीची की ठिपका आधीचा हे कळतं, तोच सांगणार. सध्याचं उत्तर असं आहे की तो तापल्याच्या खुणा दिसत नाहीत, म्हणून जीवाची शक्यता टेबलावर आहे, आणि म्हणूनच २०२५ च्या सप्टेंबरातल्या नेचरमधल्या पेपरात फार तोलून "संभाव्य जैवखूण" एवढंच म्हटलंय. त्या दगडातला नमुना सफायर कॅनियन नावाने नळीत बंद होऊन पडलाय. तो पृथ्वीवर आणायचा तर जुन्या आराखड्याप्रमाणे खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल आणि २०४० उजाडेल, असं नासानेच २०२४ मध्ये सांगितलं होतं. त्यामुळे काकांना लगेच उत्तर मिळणार नाही. तू तेव्हा चाळिशीच्या आत असशील, हे मात्र लक्षात घे.

तर अॅस्ट्रोबायोलॉजी नावाच्या या प्रकारात आज सगळ्यात मोठं काम "हे जीवाशिवाय होऊ शकतं का" हे तपासायचं आहे, आणि नासाच्या लोकांनी तर २०२१ मध्ये त्यासाठी सात पायऱ्यांची एक शिडीच मांडली. पहिली पायरी खूण दिसणं, मग ती आपल्याच यंत्राची घाण तर नाही ना, मग जीवाशिवायचे रस्ते बाद करणं, असं वर वर जायचं. आतापर्यंत कोणीही वरच्या टोकाला पोचलेलं नाही. या शिडीच्या मधल्या पायऱ्यांवर दगडवाले लागतात, आणि तू वर्गात बसून नेमकं तेच शिकून राहिली आणि लिस्ट बंद झाली म्हणून रडून राहिली!

बर्फाळ चंद्रांचंही थोडक्यात सांगते, नाहीतर म्हणशील ते राहिलं. शनीच्या एन्सेलॅडसवरून उडणाऱ्या फवाऱ्यांत कॅसिनी यानाला हायड्रोजन मिळाला, सिलिकाचे अतिबारीक कण मिळाले, आणि २०२३ मध्ये त्याच्याच जुन्या डेटातून फॉस्फेट निघालं. म्हणजे तळाशी गरम खडक आणि पाण्याची क्रिया चालू असावी. गुरूच्या युरोपाकडे क्लिपर यान १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालंय, २०३० मध्ये पोचेल. तिथेही खडक आहेच.

आता मावसभाऊ. तो पूर्ण चुकीचा नाही. लांबच्या ग्रहांच्या हवेचा स्पेक्ट्रम वाचायचा असेल तर फिजिक्स आणि गणित पाहिजेच, मधुसूदन स्वतः बीएचयूच्या इंजिनिअरिंगमधून एमआयटीला गेले. पण स्पेस म्हणजे तेवढंच नाही ना बाप्पा. चांद्रयान-३ चं घे. २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं, आपण सगळे टीव्हीसमोर टाळ्या वाजवत होतो, आणि त्यानंतर प्रज्ञान रोव्हरवरच्या एपीएक्सएस यंत्राने २३ ठिकाणची माती तपासली. ते यंत्र अहमदाबादच्या पीआरएलने, म्हणजे फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने बनवलेलं, आणि २०२४ मध्ये नेचरमध्ये त्यांचा जो पेपर आला त्याचा निष्कर्ष काय? दक्षिणेकडच्या त्या मातीत फेरोअन अॅनॉर्थोसाइट हा मुख्यतः प्लॅजिओक्लेज या खनिजाचा फिकट दगड आहे, म्हणजे चंद्र सुरुवातीला वितळलेल्या मॅग्माचा समुद्र होता या कल्पनेला आधार. अॅनॉर्थोसाइट! सेकंड इयरच्या पेट्रॉलॉजीत येतं ते. मावसभावाला विचार प्लॅजिओक्लेज म्हणजे काय, बघ काय म्हणतो.

आणि कामं वाढून राहिली आहेत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने चंद्राची माती परत आणणारं चांद्रयान-४ आणि शुक्राभोवती फिरणारं यान, दोन्ही मंजूर केलं. माती आली की ती फोडून, घासून, मायक्रोस्कोपखाली ठेवून पाहणारी माणसं लागणार, ती काही जेईईच्या कोचिंगमधून निघत नाहीत.

आता तुला जे खरं सांगायचंय ते. मी कॉलेजात पोरांना मायक्रोस्कोपवर बसवण्यात आयुष्य घालवलंय, त्यामुळे यावर थोडी जास्तच बोलीन, सहन कर.

तू नागपुरात बसलीय याची तुला किंमत नाही. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाची. आपण दख्खनच्या लाव्हाच्या पूर्व काठावर राहतो. इथून कामठीकडे गेलं की गोंडवनाचा कोळसा, मनसर-रामटेककडे गेलं की मॅंगनीज, आणि गंमत म्हणजे क्युरिऑसिटी रोव्हरला मंगळावरच्या गेल विवरात मॅंगनीज ऑक्साइड मिळालं तेव्हा तिथले शास्त्रज्ञ चक्रावले, कारण ते बनायला ऑक्सिजनसारखं काहीतरी चांगलं जोरदार लागतं. मॅंगनीज काय असतं हे ज्याने खाणीत पाहिलंय त्याला हा प्रश्न लवकर कळतो.

टाकळीचं नाव ऐकलं असशील, काटोल रोडकडचं. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते, मिशनरी होते पण दगडांचं वेड. १८५५ मध्ये रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूरच्या आसपासच्या जिऑलॉजीवर आणि जीवाश्मांवर लंडनच्या जर्नलमध्ये लिहिलं. टाकळीला त्यांनी काय पाहिलं तर लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळाचा एक पातळ थर, आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शिंपले, बिया, फळं, लाकूड. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी एक लाव्हा येऊन थंड झाला, त्यावर तळी साचली, त्यात जीव वाढले, मग दुसरा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. बेसाल्टच्या मध्ये अडकलेला तळ्याचा गाळ आणि त्यात जीव! जेझेरोमध्ये विवरातल्या तळ्याचा गाळ आणि आजूबाजूला ज्वालामुखी खडक आहेत म्हणून तर रोव्हर तिथे उतरवलाय. तिथे जो थर शोधायला एवढा खर्च केला त्याचा भाऊबंद तुझ्या फील्डट्रिपमध्ये आहे.

आणि लगेच त्याची उलटी परीक्षाही तिथेच आहे. बेसाल्टमध्ये गोल-लांबट पांढरे-हिरवे दाणे दिसतात ना, हवेचे बुडबुडे होते, नंतर त्यात गारगोटी नाहीतर झिओलाइट भरलं. दर वर्षी कोणीतरी तसलाच गोटा घेऊन येतो, मॅडम अंडं सापडलं, डायनोसॉरचं अंडं. शिंपला आणि भरलेला बुडबुडा यात फरक कसा करशील, कोणत्या खुणेवर "हा जीव होता" म्हणशील आणि कोणत्या खुणेवर "नुसता खडक" म्हणशील, हे स्वतःच्या हातातल्या भिंगाने करून बघ. शिंपल्याला वेटोळं असतं, एका बाजूला तोंड असतं, भिंतीला जाडी असते. बुडबुड्याला बाहेरून आत थर थर भरलेले दिसतात. मंगळावर हेच करतात, फक्त हात लांब असतो.

आणखी एक, वरोऱ्याजवळचं पिसदुरा. तिथे डायनोसॉरच्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातले गोळे तपासले आणि आत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, २००५ मध्ये सायन्समध्ये छापून आलं. तोपर्यंत गवत डायनोसॉरनंतर आलं असंच बहुतेक समजत होते. विचार कर, शेणाचा गोळा, तोही दगड झालेला, आणि त्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाच्या आकारावरून ठरलं की खाल्लेलं गवत होतं. जैवखूण म्हणतात ती यापेक्षा वेगळी काय असते? आणि हे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात!

लोणार तर तू पाहिलंच असेल. नसेल तर समृद्धीने मेहकरला उतर, पुढे जवळच आहे. बेसाल्टवर उल्का आदळून झालेलं विवर, पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं, आणि बेसाल्टवरची अशी नीट राहिलेली विवरं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून मंगळ आणि चंद्राचे अभ्यासक इथे येतात. वयावरून अजून भांडण आहे, एका पद्धतीने ५० हजार वर्षांच्या आसपास आणि दुसरीने साडेपाच लाखांच्या वर. पाणी खारं आणि अल्कली, पीएच दहाच्या आसपास, आणि त्यातही सूक्ष्मजीव मजेत राहतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा नागपूर खंडपीठाने लक्ष घातलं, नमुने आपल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडेही आले, पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं आणि मिठात राहणाऱ्या आर्किया जातीच्या सूक्ष्मजीवांचा रंग निघाला.

पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते लॅबमधलं. बेसाल्टचा थिन सेक्शन, म्हणजे काचेवर चिकटवलेली दगडाची पातळ चकती, तू पाहिलाय. क्रॉस्ड निकॉल केलं, म्हणजे मायक्रोस्कोपचे दोन पोलरायझर एकमेकांना आडवे लावले, की प्लॅजिओक्लेजच्या काड्या दिसतात, काळे-पांढरे पट्टे, स्टेज फिरवला की पट्टे उलटतात. आता लोणारचा चांगला धक्का बसलेला तुकडा बघ. साध्या प्रकाशात काडी तशीच, आकार तोच, कड तीच. निकॉल क्रॉस केलं की काडी गायब, पूर्ण काळी, स्टेज कितीही फिरव. धक्क्याने स्फटिकाची आतली रचना मोडून काच झाली, वितळून आकार बिघडायच्याही आधी. याला मॅस्केलिनाइट म्हणतात, आणि मंगळावरून आलेल्या उल्कांमध्ये हेच असतं. एकदा डोळ्याने पाहिलं की विसरत नाही. डिपार्टमेंटमध्ये विचार, कोणाकडे तरी लोणारच्या स्लाइड्स असतातच. आणि स्वतः जाशील तेव्हा दगड उचलून बॅगेत टाकू नकोस, ते अभयारण्य आहे, परवानगीशिवाय नमुने घेता येत नाहीत.

आता पुढचा रस्ता, हा पटकन सांगते कारण माहिती वेबसाइटवर मिळेलच. बीएस्सी पूर्ण कर. आयआयटी जॅमचा जिऑलॉजीचा पेपर दे, फेब्रुवारीत असतो, त्यावर आयआयटी मुंबई, खरगपूर वगैरे एमएस्सी मिळते, म्हणजे मावसभावाची आयआयटीही झाली. मग नेट किंवा गेट, आणि पीएचडीसाठी पीआरएल, भुवनेश्वरच्या नायसरचं पृथ्वी आणि ग्रह विज्ञानाचं स्कूल, तिरुवनंतपुरमची आयआयएसटी, लखनौची बिरबल साहनी संस्था, असे दरवाजे आहेत. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप, सध्या महिना ३७ हजार आणि वर घरभाडं. हे पण स्पष्ट सांगते की आपल्याकडे अॅस्ट्रोबायोलॉजी अशी पाटी लावलेल्या पक्क्या नोकऱ्या फार थोड्या आहेत, पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, आणि त्यानंतरही पोस्टडॉक करत हिंडावं लागतं. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी करू नये, त्यात लाज नाही.

आणि म्हणूनच बाबांशी तुझं भांडण आहे असं मला वाटतच नाही. ते म्हणतात एमएस्सी कर, मी पण तेच म्हणते. त्याच एमएस्सीवर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा देता येते, जीएसआयचं (जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया) ऑफिस सेमिनरी हिल्सला आहे, आयबीएम (इंडियन ब्यूरो ऑफ माइन्स) सिव्हिल लाइन्सला, मॅंगनीजची सरकारी कंपनी मॉइल आहे, बाबांचं वेकोलि आहेच. दोन्ही रस्ते एमएस्सीपर्यंत एकच आहेत. बाबांना हे असंच सांग, "मी तुमचं ऐकून राहिली" म्हणून, पोटात काय आहे ते दोन वर्षांनी बघू.

मधल्या काळात फुकट करण्यासारखं खूप आहे. पायथन शिक, रोज थोडं, कंटाळा आला तरी. अॅरिझोना स्टेट विद्यापीठाचं जेमार्स सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात मंगळाचा नकाशा उघडून खनिजांचे थर टाकता येतात. इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नाव नोंदवलं की चांद्रयान-२ चा डेटा मिळतो. पर्सिव्हरन्सचे कच्चे फोटो नासाच्या साइटवर सगळ्यांना खुले आहेत, चेयावा फॉल्सचे शोध आणि वहीत स्केच काढ, शीर कुठे, ठिपका कुठे, कोण कोणाला कापून गेलंय. अकादम्यांच्या समर रिसर्च फेलोशिपची नोटीस कधी निघते त्यावर नजर ठेव. मायक्रोबायोलॉजीचा एखादा पेपर ओपन इलेक्टिव्हमध्ये मिळत असेल तर घेऊनच टाक, दगडवाल्यांना जीव कळत नाहीत आणि जीववाल्यांना दगड, दोन्ही कळणारी माणसं कमी आहेत. आणि एखाद्या शनिवारी मैत्रिणींना घेऊन पेंचला जा, २०२४ पासून तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क आहे. अभ्यास म्हणून नाही, असंच.

आता तो कोर्स. नाही, करू नकोस. त्यांना एकच मेल टाकून विचारून बघ: शिकवणाऱ्यांची नावं आणि त्यांचे पेपर कुठे छापलेत, सर्टिफिकेट कोणत्या विद्यापीठाचं, आणि इंटर्नशिप नेमकी कोणत्या संस्थेत, तिचं पत्र दाखवा. पीएचडीच्या इंटरव्ह्यूला तुला प्लॅजिओक्लेज विचारतील, ते सर्टिफिकेट कोणी उघडूनही पाहणार नाही. स्पेस एजन्सीच्या इंटर्नशिपची जाहिरात एजन्सीच्याच साइटवर निघते, मधल्या माणसाकडून नाही.

राहिले २ हजार. घरी सांगून टाक, बाबा दोन शब्द बोलतील आणि विसरतील. मग आजच अकॅडमीला लेखी मेल कर, पैसे भरल्याची पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडून, "अॅडमिशन घ्यायची नाही, बुकिंगची रक्कम परत करा" एवढंच, कारणं देत बसू नकोस. फोनवर बोलून मिटवू देत असतील तर फोन घेऊ नकोस, सगळं मेलवर. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर १९१५ ला फोन लाव, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोललं तरी चालतं, तक्रार नंबर मिळेल तो जपून ठेव. आणि ऑटो-डेबिटला परवानगी दिली असशील तर ती आधी बँकेच्या अॅपमधून बंद कर, उरलेले ३३ हजार जायच्या आत.